रंगीत रिपोर्ट दाखवून एडीएचडी ‘मुळापासून’ घालवणारे

एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा आणि उतावळेपणा यांचा विकार. ‘एडीएचडी मेंदूत कुठे आहे ते दाखवतो आणि गोळ्यांशिवाय घालवतो’ असं सांगणाऱ्या एका केंद्राने मला पद्धतशीर गंडवलं. पैसे गेलेच, पण उपचाराविना गेलेला मधला काळ जास्त खुपतो. त्यांची रीत इतकी सफाईदार आहे की ती लिहून ठेवणं भाग आहे.

तिथल्या बाई लक्ष लागतं का, हे विचारतच नाहीत. आधी भावनांना हात घालतात. मेसेजला उत्तर आलं नाही की दिवसभर तेच डोक्यात घोळतं का? साहेब ‘जरा बोलायचंय’ म्हणाले की पोटात गोळा येतो का? ताडकन बोलून टाकल्यावर स्वतःचीच लाज वाटते का? आयुष्यभर ‘आळशी’ आणि ‘नको तितकी हळवी’ ऐकलेल्या माणसाला वाटतं, कुणीतरी आपली डायरीच वाचतंय. मी तर तिथे रडले.

बरं, बाईंचं हे बोलणं खोटं नव्हतं. चटकन भडका उडणं, निराशा न सोसणं, मूड झरझर पालटणं हे एडीएचडीसोबत पुष्कळांना असतं. पण डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानपुस्तिकेतल्या एडीएचडीच्या १८ लक्षणांत ते धरलेलं नाही; सोबत आढळणाऱ्या गोष्टींमध्ये त्याचा उल्लेख आहे. नकार जिव्हारी लागण्याला हल्ली सगळे ‘आरएसडी’ म्हणतात, ते तर तिथे निदान म्हणून नाहीच. चिंता, नैराश्य, थायरॉइड, अपुरी झोप, यांतल्या कशानेही माणूस असा होऊ शकतो. बाईंनी यातलं एक अक्षर विचारलं नाही.

मग डोक्याला जेल, तारांची टोपी आणि ‘ब्रेन मॅपिंग’. गुळगुळीत कागदावरच्या चित्रात माझं कपाळ लालभडक. ‘थीटा-बीटा रेशो (मेंदूच्या संथ आणि जलद विद्युत लहरींचं प्रमाण) बिघडलाय,’ बाई म्हणाल्या, आणि हे तंत्र अमेरिकेत मान्यताप्राप्त आहे हेही ऐकवलं. अर्धसत्य! तिथल्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) २०१३ मध्ये अशा एका यंत्राला परवानगी दिली, ती मुलांच्या आणि किशोरांच्या तपासणीत डॉक्टरांना जोड म्हणून. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने २०१६ मध्ये बजावलं की नेहमीच्या तपासणीच्या जागी हा रेशो वापरू नये.

माझ्या रिपोर्टच्या आतल्या पानावर छापलं होतं: ‘वर्गात शिक्षकांच्या सूचना पाळत नाही, खेळणी हरवते.’ माझी पस्तिशी उलटलेली आहे. विचारलं तर म्हणाल्या, ‘मॅडम, ते सॉफ्टवेअरच काढतं.’

पुढे न्यूरोफीडबॅकचं, म्हणजे मेंदूच्या लहरी स्क्रीनवर दाखवून त्या बदलायला शिकवण्याचं पॅकेज, आगाऊ भरणा. स्क्रीनवर विमान, लक्ष राहिलं तर वर जाणार, ढळलं तर खाली. विमान छान उडायला लागलं, ऑफिसातली कामं होती तिथेच. मुलांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत खरं न्यूरोफीडबॅक आणि त्याचं निव्वळ सोंग यांचा परिणाम जवळपास सारखाच निघाला, हे मला नंतर कळलं. तक्रार केली की उत्तर एकच: सेशन वाढवा. गोळ्यांचं नाव काढलं की ‘त्या विषारी, सवय लागते.’

शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. यंत्र नाही की टोपी नाही. त्यांनी शाळेची प्रगतिपुस्तकं मागवली, आईशी फोनवर बोलले. लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून होती का, घरी आणि कामावर दोन्हीकडे त्रास होतो का, लक्ष न लागणं आणि अतिचंचलपणा-उतावळेपणा या दोनपैकी एखाद्या गटातल्या नऊपैकी किमान पाच लक्षणं जुळतात का (लहान मुलांत सहा लागतात), हे खोदून खोदून विचारलं. रक्तदाब आणि नाडी पाहून मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध सुरू केलं. लक्षासाठी ते चांगलं लागू पडलं, भडका थोडा निवला. उरलेल्या भावनांसाठी सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी मानसोपचार पद्धत) चालू आहे आणि तिथे प्रगती कासवगतीने होते, हेही सांगायला हवं.

पैसे परत मागितले तेव्हा केंद्राने माझ्याच सहीचा कागद पुढे केला. बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ‘ही वेलनेस सेवा आहे, वैद्यकीय निदान वा उपचार नव्हे.’ पैसे भरण्याआधी हा कागद घरी नेऊन वाचायला मागा. निदान कोण करणार, त्याचं नाव आणि वैद्यकीय नोंदणी क्रमांक लेखी मागा. मी मागितला तेव्हा बाई म्हणाल्या, ‘आमच्याकडे डॉक्टर व्हिजिटिंग असतात.’ रिपोर्टवर कुणाही डॉक्टरची सही नव्हती.