कोंबडी घुरघुरायला लागली की काय करायचं: हळद, दुकानातली बाटली, डॉक्टर की सुरी?

पावसाळ्याच्या शेवटी आणि परत थंडी पडली की परसात पाच-पंचवीस कोंबड्या पाळणाऱ्यांकडे हे हमखास होतं. संध्याकाळी खुराडं लावायला जावं तर आतून शिंक ऐकू येते, मग घुरघुर, सकाळी एखादी पिसं फुलवून कोपऱ्यात बसलेली, आणि मग घरात जितकी माणसं तितके सल्ले. आमच्याकडे सासूबाई म्हणतात हळद द्या, शेजारचे दादा म्हणतात पाण्यात टाकायची बाटली आणा, नवरा म्हणतो डॉक्टरांना फोन कर, आणि सासरे म्हणतात कापून टाका ती, बाकीच्यांना लागायच्या आत.

खरं सांगू का, चारही सल्ले कधी ना कधी बरोबर असतात. घोळ होतो तो आधी औषध ठरवून मग आजार बघितला की. म्हणून पहिल्या रात्री फक्त बघा. कोंबडी दिवसा आजार लपवते, रात्री नऊनंतर सगळ्या शांत झाल्या की टॉर्च बंद करून दोन मिनिटं खुराड्याशी उभं राहा, कुठल्या कोपऱ्यातून आवाज येतोय ते कळतं. मग तीच उचला आणि तिची पाठ कानाला लावा, आत पाणी भरलेल्या नळीतून फुंकल्यासारखी खरखर येते. डोळ्याच्या कोपऱ्यात साबणाच्या फेसासारखे बुडबुडे आहेत का, आणि पंखाच्या पुढच्या पिसांवर मळकट चिकट डाग आहे का ते बघा, कारण कोंबडी नाक पंखाला पुसते आणि तिथेच ते पकडलं जातं.

फेस, खरखर, हळूहळू वजन कमी, अंडी कमी पण मर नाही, असं असेल तर बहुतेक सीआरडी, म्हणजे मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूने होणारा श्वासाचा जुनाट आजार. एका-दोन दिवसात तोंड सुजलं, डोळा बुजला आणि नाकाच्या पाण्याला घाण वास, तर कोरायझाचा, म्हणजे जिवाणूमुळे होणाऱ्या सर्दीच्या आजाराचा संशय घ्यायचा. तोंडात पिवळट पापुद्रे आणि तुऱ्यावर फोड म्हणजे देवी. आणि चोच उघडी टाकून श्वास, हिरवी पातळ विष्ठा, एक-दोन दिवसांनी मान वळणं, पाय लुळे, पटापट मर, ही मानमोडी, म्हणजे राणीखेत. त्याच्याही पुढचं म्हणजे बर्ड फ्लूचा संशय, तुरा-कल्ले काळेनिळे, डोकं सुजलेलं आणि रात्रीत बरेच पक्षी मेलेले. तिथे काही ठरवायचं उरतच नाही, त्याचं पुढे सांगते.

ह्या सगळ्याआधी एक साधी तपासणी आहे आणि ती कोणीच करत नाही. पहाटे खुराडं उघडायच्या आधी आत डोकं घाला, कोंबडी बसते त्या उंचीला. तुमचेच डोळे चुरचुरले तर तो अमोनिया आहे, ओल्या तुसातून आणि विष्ठेतून येणारा. आमच्या चिपळूणकडे जुलै-ऑगस्टात तूस कधी कोरडं राहतच नाही. अशा वेळी तूस बदलून वरच्या बाजूला जाळी सोडली की निम्म्या शिंका औषधाशिवाय जातात, आणि अमोनिया तसाच ठेवून कितीही भारी औषध दिलं तरी घसा परत सुजतोच.

आता चारही मार्ग शेजारी-शेजारी ठेवू.

हळद, आलं, लसूण, तुळशीचा काढा. स्वस्त, घरात आहे, अंडी फेकायला लागत नाहीत. नुसती शिंक आहे, पक्षी खातोय-पितोय, डोळा स्वच्छ आहे तर दोन-तीन दिवस हे करायला माझी काही हरकत नाही, फक्त सोबत पक्षी वेगळा, कोरडी जागा आणि वाऱ्याची झोत बंद, खरं काम तेच करतं. पण हळदीने मायकोप्लाझ्मा जात नाही आणि मानमोडी तर नाहीच नाही. तिसऱ्या दिवशी खरखर तशीच असेल तर काढा देत बसणं म्हणजे उरलेल्या कोंबड्यांचे दिवस घालवणं.

दुकानातली बाटली. ह्याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण सगळ्यात जास्त लोक हेच करतात आणि मीही केलंय. फीडच्या दुकानात जाऊन कोंबडी घुरघुरतेय सांगितलं की समोर एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक येतं, नाहीतर घरातलीच माणसांची अमॉक्सिसिलिनची गोळी कोणीतरी चुरून देतं. अमॉक्सिसिलिनचं काम असतं जिवाणूची बाहेरची भिंत तोडायचं, आणि मायकोप्लाझ्माला ती भिंतच नसते, म्हणजे सीआरडीवर ती गोळी पूर्ण फुकट. टायलोसिन, डॉक्सिसायक्लिन ह्यांचा त्याच्यावर उपयोग होतो. कोरायझाला वेगळं औषध चालू शकतं. मानमोडी, देवी हे विषाणू, त्यांच्यावर कुठलंच अँटिबायोटिक चालत नाही. बाटली एक आणि आजार पाच, मग अंदाजाने मारलेला तीर किती लागणार!

शिवाय पाण्यातून औषध देताना आजारी कोंबडी पाणीच कमी पिते, म्हणजे जिला हवं तिला कमी आणि धडधाकट आहेत त्यांना जास्त. आणि तिसऱ्या दिवशी आवाज बंद झाला की आपण बाटली बंद करतो. माझ्याकडे नेमकं हेच झालं, अर्धवट थांबवलं आणि पंधरा दिवसांनी तीच खरखर परत, ह्या वेळी चार कोंबड्यांत. अंड्यांचं तर कोणी बोलतच नाही. औषध चालू असताना आणि नंतर लेबलवर लिहिलेले दिवस होईपर्यंत अंडी खायची नाहीत, विकायची तर अजिबात नाहीत. काही औषधं अंड्यावरच्या कोंबडीला द्यायचीच नसतात, हे दुकानदार सांगत नाही आणि आपण विचारत नाही. ती अंडी आपलीच पोरं खातात हो.

डॉक्टर. तक्रार असते की गावात कोंबडीसाठी डॉक्टर येत नाहीत, गाय-म्हशीला येतात. थोडं खरं आहे, पण 1962 ह्या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन करून विचारता येतं, आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फोनवर आधी सगळं सांगून, मर नसेल तर, एक पक्षी खोक्यात घालून नेता येतो. फायदा असा की औषध वजनावर ठरतं, किती दिवस ते ठरतं आणि अंडी कधीपासून खायची तेही ठरतं. तोटा म्हणजे अर्धा दिवस जातो आणि एका कोंबडीसाठी कोण जातंय असं वाटतं. पण तुमच्याकडे दहाच्या वर पक्षी आहेत आणि आवाज दोन-तीन जणींत आहे तर हा अर्धा दिवस सगळ्यात स्वस्त पडतो, माझं तरी हे पक्कं मत झालंय. एखादी मेली तर लगेच पुरू नका, आधी फोन करा, शवविच्छेदनाला ताजा पक्षी लागतो.

पक्षी काढून टाकणं. सासऱ्यांचा सल्ला ऐकायला वाईट वाटतो, पण त्यात मोठा विचार आहे. सीआरडी झालेली कोंबडी औषधाने बरी दिसते, पण जंतू तिच्यात राहतो, आणि थंडी, प्रवास, खाद्य बदल असा ताण आला की परत बाहेर येतो. अंड्यातून पिलांतही उतरतो. म्हणून बरी झालेलीची अंडी औषधाचे दिवस सरले की खायला चालतात, पण खुडुक कोंबडीखाली ठेवायची नाहीत. कोरायझातही बरे झालेले पक्षी रोग बाळगून असतात.

म्हणजे निवड अशी पडते. घरच्या अंड्यापुरत्या सहा-आठ कोंबड्या, नवीन आणायच्या नाहीत, पिलं काढायची नाहीत, तर उपचार करून त्यांनाच सांभाळा, काही बिघडत नाही. पण पिलं काढून विकता, तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या आतल्या कोंबड्या, देता-घेता, तर वाहक पक्षी ठेवणं म्हणजे चार घरांत आजार वाटणं. अशा वेळी अंडी संपत आली की सगळा कळप एकदम काढा, खुराडं खरवडून धुवा, चुना मारा, दोन-तीन आठवडे रिकामं ठेवा आणि मग नवीन पिलं आणा. हे जंतू पक्ष्याबाहेर फार दिवस टिकत नाहीत, त्यामुळे रिकामं ठेवण्याला खरंच अर्थ आहे. अर्धे जुने अर्धे नवे, हे मात्र करू नका.

आता ते एकदम मर लागण्याचं. इथे हळद नाही, बाटली नाही, कापून खाणं तर नाहीच. पक्षी उघड्या हाताने उचलू नका, पोरांना लांब ठेवा, विकू नका, नातेवाइकांकडे पाठवू नका, थेट पशुसंवर्धन विभागाला कळवा. 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नंदुरबारच्या नवापुरात निघाला होता. लोक घाबरतात की कळवलं तर सगळ्या कोंबड्या नेतील. नेतील, पण सरकारने मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांची नाही, म्हणजे लपवण्यात पैशाचंही नुकसानच आहे.

आणि मानमोडीपुरतं बोलायचं तर चारही मार्ग लसीपुढे फिके आहेत. पिलू साधारण पाच ते सात दिवसांचं झालं की लासोटा लसीचा थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्याच्या आसपास परत, आणि दोन महिन्यांचं झाल्यावर आरटूबी लसीचं इंजेक्शन. घरात रोग शिरल्यावर आजारी पक्ष्याला लस टोचून तो वाचत नाही, हे आधी करायचं काम आहे. अडचण एकच, लहान बाटलीही 100 डोसची वगैरे असते आणि पक्षी आपल्याकडे अठरा. आम्ही आता वाडीतली सात घरं मिळून एकच बाटली आणतो, थर्मासमध्ये बर्फ घालून, कारण ती गरम झाली की वाया. मिसळली की दोन तासांत संपवायची, म्हणून त्या दिवशी सकाळी कोणीच कोंबड्या सोडत नाही, सगळ्या डालग्याखाली झाकून ठेवतात आणि मी ड्रॉपर घेऊन वरच्या घरापासून सुरुवात करते.