नक्षीदार मण्यांसाठी मऊ काच की बोरो?

टॉर्चवर, म्हणजे गॅसच्या ज्योतीवर काच वितळवून, मणी करायला शिकायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो टॉर्च कुठला घ्यायचा. मी म्हणेन, आधी काच ठरवा; टॉर्चचं उत्तर त्यातूनच निघतं. पर्याय दोन आहेत. एक सोडा-लाइम, म्हणजे मऊ काच. दुसरी बोरोसिलिकेट, म्हणजे बोरो. प्रयोगशाळेतली चंचुपात्रं आणि घरातली बोरोसिलची भांडी याच दुसऱ्या जातीची.

ठिपके, रेघा, वेलबुट्टी, पिसासारखी ओढलेली नक्षी यांचा ध्यास असेल, तर मऊ काच घ्या. बोरो जास्त मजबूत असते हे खरंच आहे. पण मण्याचं रूप आधी रंगांवर ठरतं, आणि रंगांत मऊ काच फार पुढे आहे. इटलीतल्या मुरानोच्या एफेत्रे या कंपनीच्या काचेच्या कांड्या पाहा: दाट पांढरा, विटकरी लाल, लिंबाचा पिवळा, फिरोजी. पांढऱ्यावर काळी रेघ ओढली की ती लांबूनही दिसते. हस्तिदंती काचेवर फिरोजी ठिपका ठेवला की दोन्हींच्या सीमेवर आपोआप काळपट रेघ उमटते. दोन काचांमधल्या रासायनिक क्रियेची ही देणगी आहे, आणि ती पाहण्यासाठीच मी कुणालाही हे काम शिकायला सांगेन.

बोरोचं सौंदर्य वेगळं. चांदीयुक्त रंगांत निळे, जांभळे, पिवळसर पदर निघतात, खोल दिसतात, पण ते ज्योतीवर आणि भट्टीत उमलतात. हवे तसे येतील याची खात्री सुरुवातीला नसते. भडक अपारदर्शक रंग मऊ काचेत जितके सहज मिळतात तितके इथे नाहीत, आणि रंगीत कांड्या महागही पडतात.

हाताला जाणवणारा फरकही मोठा आहे. मऊ काच मधासारखी वाहते, म्हणून मणी ज्या धातूच्या सळीवर घडतो ती सतत फिरवत राहावी लागते; जरा थांबलात की मणी एका बाजूला ओघळतो. बोरो घट्ट राहते, त्यामुळे नेमक्या एका जागी उष्णता देऊन बारकाईनं काम करता येतं. शिवाय ती सहज तडकत नाही. दोन्हींचे प्रसरण गुणांक साधारण १०४ आणि ३३ असे सांगितले जातात, म्हणजे मऊ काच तापल्यावर तिप्पट पसरते. थंड कांडी घाईनं ज्योतीत नेली तर टोक फुटून कपचे उडतात. म्हणून ती आधी ज्योतीच्या दूरच्या टोकाशी हळूहळू तापवायची.

याच आकड्यामुळे दोन काचा एका मण्यात कधीही मिसळायच्या नाहीत. बाटलीची काच, बांगडीचे तुकडे, गुणांक माहीत नसलेली कुठलीही कांडी १०४ गुणांकाच्या काचेबरोबर जोडू नका. मणी त्या दिवशी शाबूत दिसेल आणि आठवड्यानं तडकेल. ज्याचा गुणांक लिहून दिला आहे तोच माल घ्या.

आता टॉर्च. मऊ काच नुसत्या गॅसच्या टॉर्चवरही वितळते, सावकाश का होईना. मात्र अशा ज्योतीत काही रंग काळवंडतात. बोरोला ऑक्सिजन हवाच, म्हणजे सिलिंडर किंवा हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारा कॉन्सन्ट्रेटर, आणि उलट ज्योत रोखणारे झडप-संच. गॅससाठी घरगुती एलपीजी सिलिंडर वापरू नका, ते नियमबाह्य आहे. खोलीत धूर बाहेर ओढणारा पंखा दोन्हींना लागतोच. मऊ काचेच्या पिवळ्या झगमगाटासाठी डिडिमियम चष्मा पुरतो. बोरोच्या प्रखर उष्णतेला गडद वेल्डिंग-छटेचा चष्मा घ्यावा लागतो.

भट्टीचा खर्च मात्र कुणालाच चुकत नाही. मऊ काचेसाठी सुमारे ५१० अंश सेल्सियस, बोरोसाठी सुमारे ५६५ अंशांवर ठेवून हळूहळू थंड करायचं. छोटे मणी उष्णतारोधक तंतूंच्या गोधडीत थंड करून मग सगळे एकत्र भट्टीत घालता येतात, पण भट्टीचा टप्पा वगळलेला मणी विकू नये.

बोरो कुणी निवडावी? ज्यांना मण्यांपेक्षा मोठी लोलकं, गोट्या, काचेच्या आकृत्या करायच्या आहेत त्यांनी. ऑक्सिजनची सोय आधीच असेल तर आणखी चांगलं. बाकीच्यांनी पहिल्या खरेदीत मऊ काचेतल्या पांढऱ्या, काळ्या, हस्तिदंती, फिरोजी आणि पारदर्शक निळ्या कांड्या घ्याव्यात. रंगहीन पारदर्शक काच थोडी नंतर, कारण तिच्यात बुडबुडे आणि धूसरपणा लगेच उघडा पडतो.