केबल की डिश : साताऱ्यातल्या घरासाठी, एचडी वाहिन्यांपुरता विचार

घरात मोठा टीव्ही आला की केबल ठेवावी की गच्चीवर डिश बसवावी, हा प्रश्न साताऱ्यात अनेक घरांत निघतो आणि बहुधा एकाच कारणाने निघतो. केबलवर एचडी वाहिन्या असतात, परंतु आपल्याला हव्या असलेल्या त्यांत सापडत नाहीत. आमच्या घरी बरीच वर्षे केबल होती आणि आता डिश आहे, तेव्हा दोन्हींकडचे जे बरेवाईट अनुभवास आले तेच येथे मांडतो. बॉक्सची किंमत, रिमोट, रेकॉर्डिंगची सोय यांची माहिती कोणत्याही दुकानात मिळते, म्हणून ती गाळली आहे. चित्राच्या दर्जाविषयी जे लिहिले आहे ते डोळ्यांनी पाहून लिहिले आहे. त्यामागे काही मोजमाप आहे असे कृपया समजू नये.

तुलनेला बसण्यापूर्वी एक खात्री मात्र प्रत्येकाने करून घ्यावी. बॉक्स एचडी, पॅकही एचडीचा, पण बॉक्सपासून टीव्हीपर्यंतची जोडणी जुन्याच लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीने केलेली, असा प्रकार मी ओळखीच्या अनेक घरांत पाहिला आहे. त्या पिवळ्या वायरीतून एचडी चित्र जातच नाही, त्यामुळे पैसे एचडीचे भरूनही पडद्यावर साधेच चित्र उमटते. एचडीएमआय वायर लावून पाहावी. तेवढ्याने समाधान झाले तर पुढचे वाचण्याची गरज नाही.

साध्या, म्हणजे एसडी चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके असतात, एचडीत १९२० आणि १०८०. गुणाकार करून पाहिला तर एचडीचे ठिपके बरोबर पाचपट भरतात. पूर्वीच्या लहान टीव्हीवर हा फरक कोणाच्या लक्षात येत नसे. ४३ इंची पडद्यावर तो लपत नाही. मालिकेत लग्नाचा प्रसंग असला की नवरीच्या गळ्यातली ठुशी एसडीत नुसता पिवळा पट्टा दिसते, एचडीत तिचे मणी सुटे मोजता येतात. क्रिकेटमध्ये कॅमेरा चेंडूमागे झटकन वळला की एसडीत मागच्या प्रेक्षकांचे चौकोन होतात आणि खालच्या पट्टीतले गोलंदाजाचे आकडे वाचण्यासाठी घरातल्या ज्येष्ठांना खुर्ची पुढे ओढावी लागते.

मग केबलवर एचडी वाहिन्या इतक्या मोजक्या का असतात? केबलवाला म्हणून आपण ज्याला ओळखतो तो स्थानिक चालक असतो. उपग्रहावरून वाहिन्या उतरवून घेणे, त्या एकत्र बांधणे आणि फायबरने गावोगाव पाठवणे हे काम त्याच्या वरची मोठी कंपनी करते, जिला या व्यवसायात एमएसओ म्हणतात. या कंपनीच्या केबलमध्ये ८ मेगाहर्ट्झचे कप्पे पाडलेले असतात. ज्या कप्प्यात डझनभर किंवा त्याहून अधिक एसडी वाहिन्या आरामात मावतात, तिथे एचडीच्या थोड्याच बसतात. शिवाय एचडी आली म्हणून तीच वाहिनी एसडीतून काढून टाकता येत नाही, कारण बहुसंख्य ग्राहकांकडे अजून जुने बॉक्स आहेत. केबलच्या सक्तीच्या डिजिटायझेशनचा तिसरा टप्पा, ज्यात साताऱ्यासारखी शहरे येत होती, त्याची मुदत ३१ डिसेंबर २०१५ ही होती. त्या गडबडीत आमच्या पेठेत जे बॉक्स बसले ते बहुतेक साधे होते आणि अनेक घरांत आजही तेच चालू आहेत. अशा स्थितीत कंपनीच्या दृष्टीने प्रत्येक एचडी वाहिनी ही जास्तीची जागा अडवणारी ठरते, आणि मग ज्या वाहिन्या राज्यभर, देशभर खपतात त्यांनाच ती जागा मिळते.

माझा निर्णय ज्या एका कारणाने झाला ते येथेच आहे. झी मराठी, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी यांच्या एचडी वाहिन्या २०१६ साली सुरू झाल्या. आमच्या केबलच्या एचडी पॅकमध्ये हिंदी चित्रपट होते, इंग्रजी वन्यजीवन होते, खेळाच्याही काही वाहिन्या होत्या. परंतु रात्रीच्या जेवणाच्या वेळी आमचे अख्खे घर जिच्यासमोर बसते ती मराठी वाहिनी एसडीतच होती. जंगलातल्या वाघाचे केस न् केस दिसत आणि रोजच्या मालिकेतल्या माणसांचे चेहरे धुकट. दर महिन्याला बिल घ्यायला येणाऱ्या मुलाला विचारले की तो म्हणे, “काका, वरूनच येत नाही.” वर म्हणजे कुठे, असे विचारल्यावर “पुण्याला” एवढेच उत्तर मिळे. ग्राहक सेवेच्या क्रमांकावर फोन केला तर पलीकडून अतिशय नम्र आवाजात सांगण्यात येई की, आपण आपल्या केबल ऑपरेटरशी संपर्क साधावा. तक्रार नोंदवू म्हटले तर वाहिनी उपलब्ध नसणे हा बिघाड नव्हे, असे समजावून सांगण्यात आले, आणि शब्दशः पाहिले तर ते खरेही होते.

त्या मुलाला मी बोल लावत नाही. भर पावसात तुटलेली वायर जोडायला तो रात्री शिडी घेऊन आलेला आहे. पण कोणती वाहिनी दाखवायची हे ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही, आणि ज्यांच्याकडे तो अधिकार आहे त्यांच्यापर्यंत ग्राहकाचे म्हणणे पोहोचवणारी पायरीच मधून गळालेली आहे. आमच्या गल्लीत केबल एकाच चालकाची येते, त्यामुळे ही नको तर दुसरी घेऊ, असेही करता येत नव्हते. चित्र कमी दर्जाचे असणे मी चालवून घेतले असते; महिनोन् महिने “पुढच्या महिन्यात येणार आहे” हे ऐकत राहणे मला जड गेले. ज्यांना वाहिन्यांचा एवढा आग्रह नाही, त्यांना हे कारण किरकोळ वाटेल, आणि तसे वाटण्यात काही गैर नाही.

डिशकडे आल्यावर पहिला फरक जाणवला तो हा की, वाहिन्यांची यादी गल्लीवर अवलंबून राहत नाही. एका कंपनीच्या उपग्रहावर जी वाहिनी आहे ती साताऱ्यालाही दिसते आणि गडचिरोलीलाही. सर्व एचडी वाहिन्या सर्व कंपन्यांकडे असतात असे मात्र मुळीच नाही, कारण उपग्रहावरची जागाही मर्यादितच असते. म्हणून आपल्या घरात खरोखर पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्यांची नावे आधी कागदावर लिहावीत, त्या प्रत्येकीच्या पुढे एचडी आहे की नाही हे त्या त्या कंपनीच्या यादीत पाहावे आणि मगच जोडणी घ्यावी. एका कंपनीचा बॉक्स दुसरीला चालत नाही, त्यामुळे नंतर मन बदलले तर बॉक्सचे पैसे गेलेच. आम्हाला हवी असलेली मराठी एचडी वाहिनी मोबाइलवरून निवडली आणि थोड्याच वेळात ती दिसू लागली. इतक्या साध्या गोष्टीचे अप्रूप वाटावे, यातच केबलवरच्या अनुभवाचे सार आले.

केबलच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे. जी एचडी वाहिनी दोन्हीकडे होती तिचे चित्र केबलवर किंचित उजवे दिसे, निदान क्रिकेटच्या वेळी तरी मला तसे वाटले. डिशवर गवताची हिरवळ जरा सपाट दिसते. आणि पावसाचा मुद्दा तर आहेच. घरगुती डिश ज्या केयू बँड लहरींवर चालते त्या जोराच्या पावसात शोषल्या जातात. दिवसभर झिमझिम चालू असली तरी चित्राला काही होत नाही, पण जुलैमध्ये यवतेश्वराच्या बाजूने काळे करून एखादी सर कोसळली की चित्र गोठते, चौकोन होतात आणि सिग्नल नसल्याची पाटी येते. आमच्याकडे हा खोळंबा सहसा काही मिनिटांचाच असतो. गंमत अशी की, सर आपल्या अंगणातून पुढे गेली तरी चित्र लगेच परतत नाही. तबकडी साधारण आग्नेयेकडे पाहत असते आणि पश्चिमेकडून आलेली सर डोक्यावरून सरकून नेमकी तिच्या वाटेत जाऊन थांबते. सामन्याच्या शेवटच्या षटकात हे घडले तर केबलवाल्या शेजाऱ्यांच्या घरातला जल्लोष आधी ऐकू येतो, हे कबूल करावे लागेल.

विजेचे मात्र उलट आहे. घरात इन्व्हर्टर असला तरी केबलच्या वाटेवरचे, सिग्नल वाढवणारे अॅम्प्लिफायर महावितरणच्या विजेवर चालतात. आपल्या पेठेत वीज असून दुसऱ्या पेठेतली गेली, तरी चित्र जाऊ शकते. डिशला तुमच्या घरातली वीज पुरते. साताऱ्याच्या पावसाळ्यात चित्र किती वेळ जाते याचा हिशेब मी ठेवलेला नाही, पण पावसाने जाणारे चित्र आणि लाइटने जाणारे चित्र यांची बेरीज केली तर आमच्यापुरते तरी पारडे फारसे एका बाजूला झुकत नाही.

किल्ल्याविषयी एक गैरसमज सतत कानावर येतो. समर्थ मंदिर, बोगदा, मंगळवार पेठ या भागांतले लोक म्हणतात की, दक्षिणेला अजिंक्यतारा आडवा येतो, त्यामुळे आमच्याकडे डिश चालणार नाही. तबकडीकडे पाहिले की ती थेट किल्ल्याच्या उतारावर रोखलेली दिसते, हे खरे आहे. परंतु घरगुती तबकडीचा आकारच असा असतो की ती दिसते त्यापेक्षा बरीच उंच पाहत असते. साताऱ्याहून हे उपग्रह क्षितिजापासून ४५ अंशांच्या वर असतात, आणि ८३ अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह तर ६५ अंशांच्याही वर असतो. तिथवर किल्ल्याचा माथा पोहोचत नाही. आडवे येते ते शेजारचे आंब्याचे झाड किंवा पलीकडे नव्याने चढलेला चौथा मजला. फ्लॅट उत्तरेकडे तोंड करून असेल तर बाल्कनीत डिश लावून उपयोग नाही, गच्चीच हवी, आणि गच्चीसाठी सोसायटीची परवानगी. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी या एकाच कारणास्तव केबलवर राहणे अधिक सोयीचे.

खर्चाचे थोडक्यात. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, नवी दरपद्धती लागू झाली, तेव्हा पहिल्या १०० एसडी वाहिन्या घरापर्यंत पोहोचवण्याचे नेटवर्क शुल्क कमाल १३० रुपये, म्हणजे १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे होते आणि त्यात एक एचडी वाहिनी दोन म्हणून मोजली जाई. मार्च २०२० पासून तेवढ्याच शुल्कात २०० वाहिन्या आल्या, आणि जुलै २०२४ मध्ये ट्रायने या शुल्कावरची कमाल मर्यादाच काढून टाकली. त्यामुळे आता जुन्या आकड्यांवर विसंबू नये. केबल असो वा डिश, कर धरून महिन्याचे शेवटचे बिल किती होईल तेवढेच विचारावे. नियमानुसार एकाच पॅकमध्ये एका वाहिनीची एसडी आणि एचडी अशी दोन्ही रूपे देता येत नाहीत, परंतु दोन वेगवेगळे पॅक घेतले तर ती दोन्ही आपल्या यादीत येऊ शकतात आणि आपण एकाच मालिकेचे दोनदा पैसे भरत राहतो. आमच्या बिलात फरक पडला, तो थोडा वरच गेला. मराठी एचडीसाठी तो मला जड वाटला नाही. प्रत्येकाला तसेच वाटेल असे म्हणवत नाही.

दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशला महिन्याचे शुल्क नाही आणि गावाकडच्या घरासाठी ती उत्तम आहे, पण एचडीच्या शोधात असणाऱ्याची भूक तिने भागणार नाही. फायबर इंटरनेटवर मालिका आणि सामने पाहण्याचा मार्ग तरुणांनी आधीच धरला आहे. ज्या घरात आई-वडिलांना रिमोटचा एक आकडा दाबून वाहिनी लागायला हवी असते, त्या घराला तो अजून पुरेसा वाटत नाही.

सेवेच्या बाबतीत केबल सरस आहे, यात शंका नाही. डिशचा माणूस फोन केल्यावर त्याच दिवशी येईलच असे नाही आणि आला की भेटीचे पैसे वेगळे लागू शकतात. घरी दोन टीव्ही असतील, दिवसभर बातम्या आणि भजने चालू असतील आणि एचडी फक्त सामन्यांपुरतेच हवे असेल, तर केबल सोडण्याची घाई करू नये. चालकाकडून चालू एचडी यादी लेखी मागून घ्यावी आणि हव्या त्या वाहिन्या तीत असतील तर स्वस्थ राहावे. हवी ती वाहिनी त्या यादीत नसेल आणि उत्तर “वरूनच येत नाही” असे असेल, तर मात्र मी आणखी एक पावसाळा वाट पाहण्याचा सल्ला देणार नाही.

डिश घ्यायची ठरलीच तर जोडणी मृगाच्या आधी, मे महिन्यात करून घ्यावी. पावसात शेवाळलेल्या गच्चीवर माणूस चढायला कुरकुरतो आणि घाईत खिळे मारून जातो. तबकडीचा पाया सिमेंटमध्ये बोल्टने घट्ट बसवून घ्यावा, कारण वाऱ्याने ती किंचित जरी हलली तरी आधी सिग्नलची पट्टी खाली येते आणि मग पहिल्याच सरीला चित्र जाते. वायरीच्या सांध्यावर जलरोधक टेप गुंडाळलेली आहे ना, हे स्वतः वर चढून पाहावे, आणि वायर घरात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यायला सांगावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी भिंतीच्या भोकातून आत न येता बाहेरच गळून जाईल.