गोव्याच्या ट्रायथलॉनला सायकल कशी न्यावी: गाडीने की विमानाने?

पुण्याहून मिरामारला आयर्नमॅन ७०.३ या ट्रायथलॉनसाठी जायचं, तर १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल आणि २१.१ किमी धावणं समोर असतं. त्याआधी सायकल धड पोचायला हवी.

विमानाने वेळ वाचतो, पाय ताजे राहतात. पण सायकल खोलून खोक्यात भरावी लागते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. घाईत चुकीच्या बाजूला जोर लावला की ते अडकून बसतं. मागचा डिरेलर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) मी काढून, फडक्यात गुंडाळून फ्रेमच्या आत बांधतो. एकदा तसाच ठेवला होता, तर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा धातूचा तुकडा) वाकला आणि शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी गिअर लागेनात. ती रात्र विसरणार नाही.

गाडीने साडेचारशेच्या आसपास किलोमीटर. आजरा-आंबोलीमार्गे गेलं तर कंबर आखडते, म्हणून दर दोन तासांनी उतरून चालायचं. पण सायकल जशीच्या तशी पोचते, पंप, जादा ट्यूब, घरचे लाडू सगळं सोबत येतं.

दोन दिवस आधी निघता येत असेल तर मी गाडीच घेईन. सुट्टी एकाच दिवसाची असेल तर विमान, आणि एक जादा हँगर पिशवीत.