एनपीएस की यूपीएस: मी काय घेतलं आणि का

केंद्र सरकारात नवीन लागलेल्या ओळखीच्या पोरांनी विचारलं की एनपीएस (नॅशनल पेन्शन सिस्टीम, बाजारात गुंतवलेल्या पैशावर चालणारी) घ्यावी की यूपीएस (युनिफाइड पेन्शन स्कीम, ठरलेल्या पेन्शनची हमी देणारी), म्हणून जरा सविस्तर लिहितोय, कारण जॉईन झाल्यापासून ३० दिवसांत ऑप्शन द्यायचा असतो आणि ते दिवस बाकीच्या कागदपत्रांतच निघून जातात. यूपीएसमध्ये २५ वर्षं सर्व्हिस झाली की शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी बेसिकच्या ५० टक्के पेन्शन वगैरे सगळ्यांना पाठ आहे, ते सोडून देतो.

एनपीएस वाईट आहे असं अजिबात नाही. सरकारचे १४ टक्के थेट तुमच्या खात्यात पडतात, रिटायर होताना ६० टक्के रक्कम टॅक्स न लागता हातात येते. यूपीएसमध्ये सरकार १८.५ टक्के देतं खरं, पण त्यातले ८.५ वेगळ्या पूलमध्ये जातात, आपल्या नावावर दिसत नाहीत, आणि नवरा-बायको दोघांच्या मागे मुलांना त्यातलं काही राहत नाही. ज्यांना लवकर व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घ्यायचीय त्यांनी तर नीट वाचा, २५ वर्षं भरून बाहेर पडलात तरी पेन्शन सुरू होते ती तुमच्या मूळ रिटायरमेंटच्या तारखेपासूनच, मधली वर्षं स्वतःच्या जिवावर काढायची.

तरी मी यूपीएस घेतली, आणि कारण एकच, अ‍ॅन्युइटी, म्हणजे एकरकमी पैसे भरून विमा कंपनीकडून विकत घेतलेली दरमहा पेन्शन. एनपीएसमध्ये उरलेल्या ४० टक्क्यांची ती घ्यावीच लागते आणि साधारण जी घेतात तिचा आकडा पहिल्या महिन्याला जो ठरतो तोच शेवटपर्यंत. आमच्या ऑफिसातले एक साहेब उशिरा नोकरीला लागले होते, एनपीएसमध्ये रिटायर झाले. जानेवारी-जुलैचा डीए (महागाई भत्ता) जाहीर झाला की जुन्या पेन्शनवाल्यांच्या (ज्यांची पेन्शन डीएबरोबर वाढते) ग्रुपवर नवीन आकडेमोड सुरू होते, आणि यांच्या पासबुकात दर महिन्याला तीच एन्ट्री, रुपयाचाही फरक नाही. औषधांचं बिल मात्र वाढतच गेलं. ते पासबुक बघितल्यावर मार्केटने किती रिटर्न दिले हे ऐकण्यात मला फारसा रस उरला नाही. यूपीएसमध्ये महागाईप्रमाणे पेन्शन वाढवणारी महागाई मदत आहे, माझ्यामागे बायकोला माझ्या पेन्शनच्या ६० टक्के आहेत, मला तेवढं पुरे.

खासदारांची पेन्शन २०२५ मध्ये २५,००० वरून ३१,००० केली ती महागाई बघूनच, मग आयुष्यभर नोकरी केलेल्याचा आकडा गोठलेला का राहावा, हे निवडून येणाऱ्यांना विचारायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. २०२३ च्या मार्चमध्ये राज्यातले कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले तेही याच काळजीने.

आता ज्याचं वय कमी आहे, बायकोची वेगळी नोकरी आहे, रिस्क झेपते, त्याला कदाचित एनपीएसच बरी पडेल, मी नाही म्हणणार नाही. पण मन ठरत नसेल तर यूपीएसकडे झुका, कारण तिथून एनपीएसमध्ये एकदा परत जाता येतं, रिटायरमेंटच्या किमान एक वर्ष आधी किंवा व्हीआरएसच्या तीन महिने आधी अर्ज द्यायचा. परत यूपीएसमध्ये मात्र येता येत नाही.