पाय वर घ्या, अक्का! (टू-व्हीलर क्लास, वडगाव, बेळगाव)

वय 47. स्कूटी शिकायची म्हटल्यावर आमच्या ह्यांनी आधी माझ्या गुडघ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणून घरी न शिकता क्लास लावला. 15 दिवस, सकाळी साडेसहा ते साडेसात, फी 4,000 रुपये, तीही सगळी आगाऊ.

पहिले तीन दिवस मी दोन्ही पाय खाली घासतच गाडी चालवली. चपलेची टाच गेली. मास्तर मागं बसून हँडल धरत नाहीत, बाजूनं पळतात. हे मला फार पटलं. नाहीतर बाई महिनाभर मास्तरांच्याच हातानं गाडी चालवते. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "पाय खाली हायत तोवर तोल कसा येणार, अक्का? घ्या की वर." घेतले. गाडी मुंगीच्या चालीनं चालली की जास्त डगमगते, जरा वेग धरला की सरळ होते, हे तेव्हा कळलं.

खरं सांगायचं तर तेव्हा माझं घरीदारी तेच चाललेलं. साडीच्या दुकानात 11 वर्षं काउंटरला, आणि दोन वर्षांपासून ब्लाऊज-फॉल-पिकोचं आपलं काम. दुकान सोडवत नव्हतं म्हणून दिवसाआड जायचे. दुकानात उभी असले की डोक्यात मशीन, मशीनवर बसले की मालकांचा फोन.

मैदानात क्रिकेटच्या पिचचा दगडी रोलर पडलाय. आठचा आकडा काढताना मी दर वेळी त्याच्यावरच जायचे. त्याला चुकवायचं म्हणून त्याच्याकडेच बघायचे ना! मास्तर तिकडून ओरडायचे, "मुंद नोड्री अक्का, मुंद! रोलरनं काय तुमचं खाल्लंय?" म्हणजे कानडीत, पुढं बघा. नजर पुढच्या वळणावर ठेवली तशी गाडी तिकडंच गेली. नवव्या दिवशी मात्र वळणात मधेच घाबरून पुढचा ब्रेक दाबला आणि आडवी झाले. कोपर सोललं. मास्तरांनी आधी मला उठवलं, मग गाडीला. "ब्रेक मारायचा तर वळायच्या आधी. एकदा वळायला लागलासा की वळायचं बघा."

त्या पडण्यानंतर मी हँडल असं आवळलं की घरी येऊन सुईत दोरा ओवता येईना. तेव्हा त्यांचा दुसरा मंत्र, "कै सडिल बिड्री." हात सैल सोडा. हे मला शिवणाऱ्या बाईला कळायला हवं होतं. इरकल असो की जॉर्जेट, कापड ओढलं की टाके बिघडतात. पुढं न्यायचं काम मशीनचे दाते करतात, आपण हातानं नुसती दिशा द्यायची.

तक्रारी आहेत. एका गाडीवर तिघी, त्यामुळे तासातली 20 मिनिटं गाडी, बाकीचा वेळ गप्पा. डावा आरसा सैल, सारखा खाली वाकतो. पावसानं बुडालेला एक दिवस भरून दिला नाही, मागितल्यावर हसले फक्त. हेल्मेट आपलं आपण न्या, त्यांच्याकडचं एकच आहे आणि त्याला सगळ्यांच्या खोबरेल तेलाचा वास येतो. लर्निंग लायसन्सचं तेवढं ते नीट समजावून सांगतात : 6 महिने चालतं, पक्क्यासाठी 30 दिवस थांबून परीक्षा द्यायची. एजंट शोधत फिरायची गरज नाही.

शेवटचे दोन दिवस येळ्ळूर रोडला नेतात. दोन्ही बाजूला शेतं, समोर राजहंसगड, सकाळी गर्दी कमी. तिथं पहिल्यांदा चाळीसचा काटा बघितला.

चार तारे देते. पाचवा आरशानं खाल्ला. क्लासला पहाटे उठायचं म्हणून रात्री साडेआठनंतर मशीन झाकून ठेवायची सवय लागली, ती अजून आहे. आमच्या ह्यांना हाच क्लासचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

दुकान त्याच महिन्यात सोडलं. परवा 14 ब्लाऊज पायाशी पिशवीत ठेवून शहापूरच्या खडेबाजारातून निघाले होते. जुने मालक दुकानाच्या पायरीवर उभे. हात करावासा वाटला, पण समोर रिक्षा होती.