द फ्रँचायझी: सुपरहिरो राहू दे, फर्स्ट एडी बघा

एचबीओची 'द फ्रँचायझी' ही सुपरहिरो पिक्चरच्या शूटिंगवरची कॉमेडी सिरीयल मी दोनदा बघितली. पहिल्यांदा २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आली तेव्हा, आणि तिसऱ्या एपिसोडला सोडून दिली, म्हटलं हे काय सारखं ओरडाओरडीच चालू आहे. आता परत बघितली ती मावसभावाबरोबर, कारण तो मालाडला एका व्हीएफएक्स (पिक्चरमधले कॉम्प्युटरवरचे इफेक्ट) कंपनीत रोटो करायचा. म्हणजे काय तर हिरोच्या केसांची कड एकेका फ्रेममध्ये हाताने कापत बसायचं, नाइट शिफ्टला, आणि सकाळी मेल यायचा की तो शॉटच उडवलाय. तर तो जिथे जिथे हसला तिथे मी आधी हसलोच नव्हतो, आणि मग कळलं की मी चुकीची सिरीयल बघत होतो.

कारण ही सुपरहिरोंवरची कॉमेडी नाहीच, ही ऑफिसवरची आहे.

मॅक्सिमम नावाचा खोटा स्टुडिओ, तिथे 'टेक्टो' नावाचा पिक्चर शूट होतोय. टेक्टो म्हणजे भूकंप घडवणारा हिरो, त्याचं हत्यार काय तर अदृश्य जॅकहॅमर (डांबर फोडायचं मशीन हो, रस्त्यावरचं, फक्त दिसत नाही). बरं, स्टुडिओचं सगळं प्रेम 'सेंच्युरिओस २' या दुसऱ्या पिक्चरवर, टेक्टो म्हणजे सावत्र पोर, त्याच्या ताटातलं उचलून तिकडे वाढायचं हे ठरलेलं. आणि हे सगळं ओढतोय कोण, तर डॅनियल, फर्स्ट एडी, म्हणजे डायरेक्टरचा पहिला असिस्टंट. हिमेश पटेलने केलाय, इंग्लंडमधल्या गुजराती घरातला पोरगा, आणि काय केलाय! तो सेटवर चालत असतो आणि चालता चालता दहा जणांची दहा लफडी मिटवतो, प्रत्येकाशी वेगळ्या आवाजात, डायरेक्टरशी लाडीगोडी, स्टारशी बाळाशी बोलल्यासारखं, आणि स्वतःसाठी दोन सेकंद उरले की चेहरा एकदम रिकामा. आपल्या सगळ्यांच्या ऑफिसात हा माणूस असतो, पगार बेताचा आणि जबाबदारी आख्ख्या मजल्याची. त्याच्या मागे पळणारी थर्ड एडी डॅग (लॉली अडेफोपे), नको तेव्हा नको ते खरं बोलणारी. घोडं मेलं ओझ्याने, शिंगरू मेलं हेलपाट्याने, अशी जोडी आहे ही.

वरचा साहेब शेन कधी दिसतच नाही, त्याचा असिस्टंट ब्रायसन निरोप घेऊन येतो आणि सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. मधला साहेब पॅट मात्र दिसतो, आणि दिसतो तेव्हा कुणाचा तरी अपमान करूनच जातो. डॅनियल ब्रूलचा डायरेक्टर एरिक म्हणजे आर्ट फिल्मवाला माणूस, ज्याला अजून वाटतं की या सर्कशीत आपण आपली कलाकृती बनवतोय. रिचर्ड ई. ग्रँटचा जुना नाटकवाला नट तर मिनिटभर आला तरी सीन खाऊन जातो.

सगळ्यात जमलेला एपिसोड लायलॅक घोस्टचा. स्टुडिओच्या लक्षात येतं की आपल्या पिक्चरमध्ये बायकांना काही कामच नाही, लोक बोलायला लागलेत, मग एका रात्रीत एकुलत्या एक बाईच्या, म्हणजे या लायलॅक घोस्टच्या, हातात सगळ्यात ताकदवान काठी द्यायचं ठरतं. तिला विचारलंय का? तिला ती नकोच आहे, कारण नंतर फॅन लोक नेटवर जे करतील ते तिला एकटीला भोगायचंय. मिटिंगमध्ये सगळे स्वतःवर खूश, आणि ती बिचारी पांढरी पडलेली. इथे हसता हसता घशात अडकतं.

आता तक्रार. मागे अरमांडो इयानुची आणि सॅम मेंडिस, लिहिणारा 'सक्सेशन' या गाजलेल्या सिरीयलच्या टीममधला जॉन ब्राउन, एवढी मंडळी असताना बोचणारं कमी आणि शिव्या जास्त. इयानुचीच्याच 'व्हीप' या राजकारणावरच्या कॉमेडीमधल्या शिव्या ऐकताना माणूस कळायचा, इथे सगळेच सारख्या झटक्यात बोलतात, कुणाचा डायलॉग कुणालाही दिला तरी चालेल. मेंडिसने स्वतः दोन बॉन्डपट केलेत, पहिला एपिसोडही त्यानेच डायरेक्ट केलाय, म्हणजे आतलं माहीत नाही असं नाही. आणि वेळही चुकली, २०२४ पर्यंत सुपरहिरो पिक्चरना लोक आधीच कंटाळले होते, वरातीमागून घोडं (परत घोडंच आलं, असो). जानेवारी २०२५ मध्ये एचबीओने बंदच केली, एकच सीझन, आठ एपिसोड, अर्ध्या अर्ध्या तासाचे. एका रविवारात उरकतात.

मला व्हीएफएक्सवाल्यांचं अजून हवं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये सुपरहिरो पिक्चर बनवणाऱ्या मार्व्हलच्या व्हीएफएक्स क्रूने एकमताने युनियनसाठी मत दिलं, म्हणजे मसाला समोर पडलेला होता, आणि या पिक्चरांचं कितीतरी काम तर आपल्या मुंबईत होतं. क्रेडिट कधी शेवटपर्यंत बसून बघा, नावांच्या त्या सरकत्या भिंतीत पाटील, जाधव, सावंत सापडतात.

भाऊ तर प्रत्येक एपिसोडनंतर क्रेडिट संपेपर्यंत रिमोटला हात लावू देत नव्हता.